हाताच्या पाण्याचं अळू

ठाण्यात आमच्या आळीच्या तोंडाशी भाजीचे एक दुकान होते. दुकान म्हणायचे ते आळीतल्या लोकांनी. खरे पाहता ती एका माळ्याच्या घराची पुढची पडवी होती. खाली गोणपाटे अंथरलेली, त्यांवर भाजीचे वाटे मांडलेले, मागे भिंतीला टेकून दोन-तीन पाट्या, आणि वाशाच्या सुंभाला केळीचा घड टांगलेला. फळांत केळी बारा महिने. बाकी पेरू, पपनस, फणसाचे गरे त्या त्या दिवसांत. पालेभाजी जुडीने मिळे, वांगी-भेंडी वाट्याने. तागडी खुंटीवरून निघे ती सुरण किंवा रताळी घेणारा आला तरच.

पडवीत बसे ती माळीण. तिचा नवरा माजिवड्याच्या पलीकडे वाडी करी आणि रोज सकाळी खांद्यावर कावड घेऊन भाजी आणून टाकी. कावड उतरवायची, तांब्याभर पाणी प्यायचे आणि आल्या वाटेने परत जायचे, एवढाच त्याचा दुकानाशी संबंध. भाव तिचा, गिऱ्हाईक तिचे, भांडण तिचे. ती माझ्या आईच्या वयाची. मी तिला लहानपणापासून मावशी म्हणत आलो.

आता माझ्याविषयी. आम्ही जातीने शिंपी. वडील दोरीला गाठी मारून मापे लक्षात ठेवीत, कारण आकडा लिहिता येत नव्हता. ते मी मॅट्रिकला असताना वारले. आईने आळीतल्या बायकांच्या चोळ्या शिवून मला पुढे शिकवले आणि मी बी. ए. झालो. ठाण्यातच इंग्रजी शाळेत मास्तर म्हणून लागलो. बी. ए. झाल्याचे मी फार वेळा सांगतो, असे लोक म्हणतात. म्हणोत. ज्यांच्या घरी तीन पिढ्या पोथ्या आहेत त्यांना सांगावे लागत नाही. मला लागते.

भाजी आणण्याचे काम माझ्याकडे आले ते आईचे गुडघे दुखू लागल्यापासून. माझे लग्न झाले होते, पण मंडळी अजून माहेरी होती. आईला माझे भाजी आणणे पसंत नव्हते. इतके शिकून हातात मेथीची जुडी घेऊन रस्त्याने यायचे, हे तिला बरे वाटत नसे. कचेरीतले कारकून भाजी उपरण्याखाली झाकून नेत. एकाची काकडी एकदा मामलेदारांना नमस्कार करताना खाली पडलेली मी पाहिली आहे. मी काही झाकीत नसे. उघड्या हातात आणत असे.

"बीए, पिशवी कुठं हाय?" मावशी विचारी. "का पिशवीची परीक्षा नापास?"

"पिशवी आई शिवते आहे."

"शिंपिनीच्या घरात पिशवी नाय. माळ्याच्या घरात मिरची नाय असं म्हनायचं झालं की हे."

मी बी. ए. झाल्यापासून आळीने मला 'बीए' हेच नाव ठेवले होते. काही जण ते आदराने म्हणत, काही जण नाही. मावशी दोन्ही प्रकारे म्हणे.

तिच्याकडे खरेदी करणे सोपे नव्हते. भेंडीचा शेंडा मोडून कोवळी की जून हे पाहायची बायकांना सवय. मावशी ते चालू देत नसे. "शेंडं मोडून ठेवलेली भेंडी मी कोनाला इकू? तुमच्या जावेला?" वांग्याला किडीचे भोक आहे का ते बघायचे तर तिच्यासमोर बघायचे. पण एकदा ती म्हणाली की वांगी आजची आहेत, तर ती आजचीच असत. कालची असली तर ती आधीच सांगे, "कालची हायेत, भरीत करा." आळीतली एकही बाई तिच्या शब्दावर दुसरा प्रश्न करीत नसे. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढची हकीकत त्याचीच आहे.

भाद्रपदात गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी व्रत करणाऱ्या बायका बैलाच्या कष्टाचे काही खात नाहीत. नांगराच्या शेतातले भात नाही, गहू नाही, डाळ नाही. माणसाने हाताने खणून लावलेले अळू, पडवळ, सुरण, भोपळा, मक्याची कणसे, हे सगळे एकत्र शिजवायचे. तिला ऋषीची भाजी म्हणतात. मावशी दरवर्षी हरताळकेपासून ही भाजी वेगळ्या गोणपाटावर मांडी आणि दोन दिवसांत ती सगळी संपे. तिची वर्षाची सुगी ते दोन दिवस. पंचमी उलटली की त्याच अळूला कोणी विचारीत नाही. तिसऱ्या दिवशी त्याची पाने पिवळी पडतात.

आईने हे व्रत वडील असतानाच धरले होते. ते वर्ष सातवे. सातव्या वर्षी उद्यापन करायचे असते. आधीची सहाही वर्षे तिने भाजी आणली ती मावशीच्याच पडवीतून.

हरताळकेच्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेलो. पडवीत आठ-दहा बायका होत्या. सर्वांत पुढे आमच्या समोरच्या घरच्या काकू होत्या. या काकू विधवा, सोवळ्याओवळ्याच्या फार कडक. आळीत कोणते व्रत कसे करायचे याचा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांच्या हातात अळूची जुडी होती. मावशी म्हणत होती, "घ्या काकू, ऋषीचं हाय. कुदळीनं खनलेलं. नांगर नाय, बैल नाय."

मी तेव्हा जे बोललो ते का बोललो, याचे कारण साधे आहे. मला ते सुचले, आणि ऐकायला माणसे होती. कॉलेजात आम्हाला तर्कशास्त्र होते आणि त्यात मला चांगले गुण मिळाले होते. शिवाय त्याच वैशाखात सुट्टीत मी फिरत फिरत मावशीच्या वाडीपर्यंत गेलो होतो. तिथे विहिरीवर रहाट चालू होता. डोळ्यांना फडके बांधलेला बैल गोल फिरत होता आणि पाणी पाटाने वाडीत जात होते.

मी म्हणालो, "मावशी, नांगर नाही हे कबूल. पण पाण्याचं काय? रहाट तर बैलच ओढतो. मी वैशाखात बघितला की."

काकूंनी मान वळवली. "रहाटाला बैल?"

"असतोच, काकू. आता बघा. बैलानं पाणी काढलं. त्या पाण्यावर अळू वाढलं. म्हणजे अळूत बैलाचे कष्ट आलेच." मी एकेक बोट मोडून हे वर्गात सांगतो तसे सांगितले. मागे कोणीतरी हसले, ते मला बरे वाटले.

काकूंनी जुडी खाली ठेवली. हळूच ठेवली, टाकली नाही. मग पदराला हात पुसले. "माळीणबाई, काय गं हे? पाणी कसलं घालतेस?"

मावशीने माझ्याकडे पाहिले, मग पालेभाजीवर पाणी शिंपडायची झारी उचलली. "ज्यांना घ्यायचं त्यांनी घ्यावं. नाय त्यांनी ठेवावं."

"अगं, पण सांग तरी."

"इतकी वर्सं कोनी इचारलं नाय. आज बीएंनी इचारलं." एवढे म्हणून ती मेथीच्या जुड्यांवर पाणी मारू लागली.

तिने 'हो' म्हटले नाही, 'नाही' म्हटले नाही. त्यामुळे बायकांनी जे समजायचे ते समजून घेतले. एकीने पडवळ ठेवले, दुसरीने कणसे. कोणी पत्री तेवढी घेतली, कोणी केळी. ऋषीच्या भाजीचे गोणपाट जसे मांडले होते तसे भरलेले राहिले. मीही काही न घेता घरी आलो. आईला सांगितले, उद्या बाजारातून बघू.

पण आळीत बातमी माझ्याआधी पोचायची. दिवेलागणीला काकू आमच्या दारात उभ्या राहून आईशी बोलून गेल्या. त्या काही भडकवायला आल्या नव्हत्या. खरोखर काळजीने आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "तुमचं तर सातवं. सहा वर्षांचं काय झालं म्हणायचं आता, शिंपीणबाई?"

आई शिवण खाली ठेवून माझ्याकडे वळली.

"तुला कुणी विचारलं होतं?"

"खरं ते बोललो मी."

"खरं आहे हे तू बघितलंस?"

"रहाट बघितला ना."

"रहाट बघितलास. तिचं अळू बघितलंस? त्याला कुठलं पाणी जातं ते बघितलंस?"

मी म्हणालो, "तिनं तरी सांगायचं होतं. विचारलं काकूंनी."

"चारचौघींत तू तिला खोटी म्हटलंस आणि वर तिनंच साक्ष द्यायची?" आईने सुई पुन्हा हातात घेतली. "माझं व्रत मी बघीन. तिची दोन दिवसांची भाजी आहे ती. तू तिचं काय ते बघ."

ती आणखी काही बोलली नाही. बोलली असती तर मला वाद घालता आला असता.

चतुर्थीला शाळेला सुट्टी. आमचा गणपती चुलत्यांकडे गावी बसे, त्यामुळे घरी काही काम नव्हते. सकाळीच मी माजिवड्याच्या वाटेला लागलो. चिखल होता, वहाणा हातात घेऊन गेलो. मावशीच्या पडवीवरून जाताना पाहिले तर ऋषीच्या भाजीवर ओले फडके घातलेले होते आणि समोर गिऱ्हाईक नव्हते.

वाडीत तिचा नवरा झोपडीपुढे बसून सुंभ वळीत होता. म्हणाला, "आज कावड नको म्हनली. कालचीच पडलीय." मग माझ्याकडे पाहून, "तुमीच ना ते बीए?"

मी हो म्हणालो. त्याला सगळे कळलेले होते, तरी तो काही लावून बोलला नाही. मी म्हणालो, मला ऋषीच्या भाजीचा तुकडा बघायचा आहे. तो उठून झोपडीच्या मागे गेला, मी त्याच्या मागे.

तो तुकडा आमच्या घराच्या ओटीपेक्षा थोडा मोठा असेल. भोवती करवंदीच्या काट्यांचे कुंपण. आत गुडघाभर अळू, एका बाजूला सुरणाचे दांडे, मांडवावर पडवळाचा वेल. पडवळे सरळ वाढावीत म्हणून त्यांच्या टोकांना दगड बांधलेले. वाडीची मोठी विहीर आणि तिच्यावरचा रहाट लांब, उताराच्या वरच्या अंगाला. ते पाणी इथे पोचूच शकत नव्हते असे मात्र नाही. पाट जरा वळवला असता तर आले असते. मी ते मनातल्या मनात मोजून पाहिले. कुंपणाजवळ एक अरुंद आड होता आणि त्याच्या काठाला दोरीने घासून पडलेल्या खाचा होत्या.

"याला पाणी इथून?"

"पाऊस लागेपर्यंत इथून. पोहऱ्यानं काढायचं, घागरीनं घालायचं. तीच घालते. वैशाखात दुकान आवरून रोज इकडं येते, घालते आन जाते." तो आडाच्या काठावर टेकला. "मी म्हनलं तिला, बैल उभाच हाय, पाट वळवतो इकडं, घटकेचं काम. कोनाला कळतंय? तर म्हनली, मला."

मी परत निघालो तेव्हा जवळजवळ पळतच होतो. आता माझ्याजवळ पुरावा होता आणि तो मी जाऊन मांडला की प्रकरण मिटले, असे मला वाटत होते.

पडवीशी आलो तर आई तिथे बसलेली. गुडघ्यांमुळे ती दोन महिन्यांत आळीच्या तोंडापर्यंत गेली नव्हती. पडवीच्या पायरीवर बसून ती पडवळ निवडत होती आणि मावशी तिला म्हणत होती, "ते नको वैनी, ते वाकडं हाय. हे घे." काकू आणि आणखी चार-पाच बायका जरा अंतरावर उभ्या होत्या. त्या बाजाराकडे निघाल्या होत्या आणि आईला पाहून थांबल्या होत्या.

मी तिथेच उभा राहून सगळे सांगितले. तुकडा, कुंपण, आड, दोरीच्या खाचा. काकूंनी पूर्ण ऐकून घेतले.

"तू हे आज बघितलंस?"

"आत्ता बघून आलो."

"आज पावसाचं पाणी सगळीकडे सारखंच पडतंय. वैशाखात घातलेलं पाणी तू भाद्रपदात कसं बघितलंस?"

"तिच्या नवऱ्यानं सांगितलं."

"नवरा तिचाच ना? तो काय बैलानं घातलं म्हणून सांगणार आहे?"

काकू तर्कशास्त्र शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांचे बरोबर होते. काल मी एक रहाट पाहून जेवढे सिद्ध केले होते तेवढेच आज एक आड पाहून सिद्ध होत होते. फरक इतकाच की काल लोकांनी माझे लगेच मानले होते आणि आज मानीत नव्हते.

आईने अळूची जुडी पदरात घेतली. "काकू, मी सहा वर्षं हिच्या शब्दावर खाल्लं. आता सातव्याला आड मोजायला कुठं जाऊ? खोटं निघालं तर सातही गेली. जाऊ देत. मी हिचीच भाजी शिजवीन."

"तुमचं उद्यापन आहे, शिंपीणबाई."

"म्हणूनच."

काकू पायरीपाशी आल्या आणि मावशीला म्हणाल्या, "हे बघ, मला त्याच्या आडाशी काही करायचं नाही. तू सांग. तू सांगशील ते मी धरीन. पाणी कसलं?"

मावशीचा हात फडक्यावर होता. काल तिने या प्रश्नाला पाठ दिली होती. आजही देईल असे मला वाटले. तिने आईकडे पाहिले, पायरीवर पसरलेल्या तिच्या दुखऱ्या पायाकडे पाहिले.

"हाताचं," ती म्हणाली.

"बस," काकू म्हणाल्या आणि त्यांनी फडके बाजूला केले.

त्या दिवशी काकूंच्या पाठोपाठ तिघी-चौघींनी भाजी घेतली. पण कित्येक घरांतून आदल्या दिवशीच बाजारात माणूस गेला होता. निम्म्याहून जास्त अळू तसेच राहिले. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाताना मावशी ते तळ्याकाठच्या गाईंपुढे टाकीत होती. मी थांबलो. तिची वाट अडवून म्हणालो, "मावशी, चुकलं माझं."

"शाळंला उशीर होईल," ती म्हणाली. आणि मग, मी दोन पावले गेल्यावर, "संध्याकाळी या. भेंडी चांगली येनार हाय."

मी गेलो. भेंडी चांगली होती. तिने मला भाजी देणे कधी थांबवले नाही, थट्टाही थांबवली नाही. आईचे उद्यापन काकूंनी स्वतः उभे राहून करवून घेतले. पुढच्या वर्षी ऋषीची भाजी पुन्हा त्याच गोणपाटावर मांडली गेली आणि सगळी खपलीही. तेव्हा आळीतल्या लोकांच्या दृष्टीने प्रकरण संपले. मलाही तसेच वाटत होते.

त्यानंतर दोन वर्षांनी मंडळी नांदायला आली होती. उद्यापन झाले तरी आई पंचमी पाळीतच राहिली होती. भाजी आणायला तिने त्या वर्षी सुनेला पाठवले. मी ओटीवर मुलांच्या वह्या तपासत होतो. बायको परत आली, अळू-पडवळ सुपात ठेवले आणि आईला म्हणाली, "विचारून घेतलं हो मी, सासूबाई."

"काय विचारलंस?"

"हाताचं पाणी ना, म्हणून. माझ्या आधीच्या दोघींनी विचारलं, मागून आलेलीनंही विचारलं. इथली रीत आहे ना ती? आमच्या कल्याणला नाही कोणी विचारत."

"मग काय म्हणाली ती?"

"हाताचं म्हणाली. प्रत्येकीला म्हणते."

आईने एकदा माझ्याकडे पाहिले आणि अळूचे देठ मोडायला घेतले. बायको दारात उभी राहून मला विचारत होती, रीत आहे ना, की तिचे काही चुकले. मी म्हणालो, रीत आहे. कोणी पाडली, ते मी सांगितले नाही.